सोसायटीचं पाणी मोजायला घेतलं तेव्हा

२०२४ च्या ३० मे रोजी मुंबईत पाच टक्के पाणीकपात लागू झाली आणि ५ जूनपासून ती दहा टक्के झाली. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला आहे. इमारत १९९१ सालची, घरं बेचाळीस, माणसं साधारण एकशे पासष्ट. कपात दहा टक्क्यांची, पण आमच्याकडे दुपारी दोननंतर नळ कोरडे पडू लागले. टँकर मागवणं सुरू झालं. दहा हजार लिटरच्या एका टँकरला अडीच हजार रुपये जात होते. तेवढंच पाणी महानगरपालिकेच्या मूळ घरगुती दराने शंभर रुपयांच्या आत येतं.

मी तेव्हा कमिटीत खजिनदार होते. टँकरच्या पावत्या माझ्याकडेच यायच्या, त्यामुळे मला हा हिशेब सोडवेना. पाणी दहा टक्के कमी आलं असेल तर टाकी संध्याकाळी रिकामी व्हायला हवी, आणि तीही थोडीशी. भर दुपारी का रिकामी होते? व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्तरं बरीच आली. वरच्या मजल्यावरचे लोक बाल्कनी धुतात, खालचे गाड्या धुतात, भाडेकरू फार आहेत, चावीवाला, म्हणजे पाणी सोडणारा पालिकेचा माणूस, आपल्या लाइनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता आणि एकाच्याही हातात आकडा नव्हता.

तळमजल्यावरच्या काकांनी आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्सचं काम केलं आहे. मी त्यांच्याकडे बिलांची फाइल घेऊन गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खालच्या टाकीची लांबी-रुंदी किती?" ती आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. पाण्याचं बिल तेहतीस वर्षं भरणाऱ्या सोसायटीत टाकी केवढी आहे याची नोंद नव्हती.

कामाला तिथून सुरुवात झाली.

आधी बिलं. आमच्या जोडणीला महापालिकेचा मीटर आहे आणि बिलात किती हजार लिटर वापरलं ते लिहिलेलं असतं. कपातीच्या आधीच्या बिलांवरून रोजची सरासरी चौतीस हजार लिटर निघाली. माणशी दोनशे लिटरच्या वर. शहरातल्या घरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरलं जातं, म्हणजे आम्हाला बावीस-तेवीस हजारांत भागायला हवं होतं. वॉर्ड ऑफिसमधल्या एका कनिष्ठ अभियंत्यांनी आम्हाला शांतपणे बसवून बिल समजावून दिलं. माणशी दीडशे लिटरपर्यंत मूळ दर, पुढच्या पन्नास लिटरला दुप्पट, त्यापुढच्या पन्नासला तिप्पट आणि अडीचशेच्या वर चौपट. आम्ही वर्षानुवर्षं दुपटीच्या टप्प्यात होतो आणि तिपटीलाही शिवत होतो. रक्कम बेचाळीस घरांत विभागली जायची म्हणून ती कोणाच्या डोळ्यात आली नव्हती.

दोनशे लिटर! खरं सांगते, हा आकडा बघून मला लाज वाटली नाही, मला तो पटलाच नाही. मी माझ्या घरी दिवसभर बादल्यांचा हिशेब ठेवला. आंघोळ, कपड्यांचं मशीन, भांडी, संडास, स्वयंपाक, पिणं सगळं धरून आम्हा चौघांचं पाणी साडेपाचशेच्या आसपास भरलं. आणखी काही घरांनी मोजून दिलं, तिथेही थोडंफार असंच. म्हणजे माणसं वापरत होती त्याहून किती तरी जास्त पाणी मीटरमधून आत येत होतं. ते जात कुठे होतं?

काकांनी टेपने टाक्या मोजल्या. खालच्या टाकीचे दोन कप्पे मिळून चार मीटर बाय तीन मीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की १२० लिटर गेले. गच्चीवरची पाच मीटर बाय अडीच मीटर, तिथे एक सेंटिमीटरला १२५ लिटर. एवढं कळलं की पुढे कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खुणा केल्या, टॉर्च घेतला आणि रात्री बसलो.

रात्रीच का, हे मला आधी कळलं नव्हतं. आमच्या भागात पालिकेचं पाणी पहाटे येतं. मध्यरात्रीनंतर वरून कोणी फारसं पाणी घेत नाही, खालून टाकीत काही येत नाही आणि पंप बंद ठेवला की दोन्ही टाक्या एकमेकींपासून सुट्या होतात. तेव्हा ज्या टाकीची पातळी उतरेल, गळती तिच्या पुढच्या वाटेवर. पाऊस अजून जोर धरायचा होता, हेही बरं झालं. जमीन पाण्याने भरली असती तर बाहेरचं पाणी खालच्या टाकीत झिरपून पातळी फसवी दिसली असती. एक ते चार अशा तीन तासांत वरची टाकी नऊ सेंटिमीटर उतरली. सव्वाअकराशे लिटर, इमारत झोपलेली असताना. खालची दोन सेंटिमीटर उतरली. रात्री कोणी उठून नळ उघडला असेल ते वजा केलं तरी दिवसाला दहा हजार लिटर नुसतं गळत होतं.

त्या रात्री कपातीचंही कोडं सुटलं. पालिकेकडून पाणी दहा टक्के कमी आलं, पण गळती कमी झाली नाही. ती आपला पूर्ण हिस्सा घेतच राहिली, रात्रभर, सगळ्यांच्या आधी. म्हणजे चौतीस हजारांतले साडेतीन हजार कमी झाले ते सगळेच्या सगळे माणसांच्या तेवीस हजारांतून गेले. शिवाय दाब कमी असल्यामुळे पहाटे टाकी भरायची तेवढी भरत नव्हती. "पाणी जपून वापरा" अशा पाट्या आम्ही लिफ्टमध्ये लावल्या होत्या. ज्यांच्या घरी नळ कोरडा आहे त्यांना आम्ही जपायला सांगत होतो!

गळती शोधणं हे मोजण्यापेक्षा अवघड आणि वेळखाऊ काम निघालं. गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक उभ्या रांगेला एक पाइप खाली जातो, प्लंबर त्याला डाउनटेक म्हणतात. प्रत्येकाला वर एक व्हॉल्व्ह असतो. रोज रात्री एकेक डाउनटेक बंद करायचा आणि पातळी बघायची. अर्धे व्हॉल्व्ह गंजून जागीच बसले होते, ते आधी बदलावे लागले. अखेर दोन रांगा सापडल्या. त्या बंद केल्या की टाकी जवळपास स्थिर राहायची.

प्लंबरचा अंदाज होता की भिंतीतला पाइप फुटला असणार, भिंती फोडाव्या लागतील. खर्चाचा आकडा ऐकून कमिटीतल्या काहींनी हा विषय बंद करायची भाषा सुरू केली. ती वेळ निभावली ती आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींमुळे. त्या रांगेतल्या पाच-सहा घरी भांडी-लादी करतात. माझं फोनवरचं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, "ताई, भिंत कशाला फोडताय? चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या संडासात पाणी कायम वाहतंय. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून कळत नाही. त्यांच्या वरच्या घरातही तसंच आहे, ते लोक दिवसभर घरी नसतात. मी सांगितलं होतं, पण कोण मनावर घेतंय."

मावशी मुलुंडच्या पश्चिमेला डोंगरउतारावरच्या वस्तीत राहतात. तिथे काही घरांत मिळून एक नळ, आणि तोही थोडा वेळ. तो वेळ साधायला त्यांची मुलगी पहाटे उठते. पालिकेचं झोपडपट्टीसाठीचं प्रमाण माणशी ४५ लिटर आहे, इमारतीतल्या माणसाच्या एक तृतीयांश. ज्यांना हंड्याने पाणी चढवावं लागतं त्यांच्या कानाला वाहत्या पाण्याचा आवाज लागतो. पाण्याच्या हिशेबासाठी आम्ही कधी त्यांना विचारलं नव्हतं. त्यानंतरच्या प्रत्येक घरतपासणीला त्या आमच्याबरोबर होत्या आणि त्या वेळेचे पैसे सोसायटीने त्यांना दिले.

तपासणी सोपी आहे. फ्लशच्या टाकीचं झाकण उघडायचं, खायचा रंग थोडा जास्तच टाकायचा आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश न करता थांबायचं. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं आहे. काही घरांनी दार उघडायला नकार दिला. आपल्या संडासात शेजाऱ्याने डोकावणं कोणाला आवडेल? तेव्हा काकूंनी, म्हणजे काकांच्या पत्नींनी, उपाय काढला. रंगाच्या पुड्या करून घरोघरी वाटल्या, कसं करायचं ते कागदावर मराठीत आणि गुजरातीत लिहून दिलं आणि स्वतः बघून कळवा म्हटलं. बहुतेकांनी कळवलं. त्या दोन रांगांत निम्म्याहून जास्त घरांत रंग उतरला होता. बाकीच्या रांगांतही थोडे निघाले. दुरुस्ती म्हणजे एक वॉशर किंवा फार तर आतला संच. सोसायटीने सामान एकगठ्ठा आणलं, प्लंबर दिवसभर बसवला, आणि पैसे कोणाकडून वेगळे घेतले नाहीत. हा निर्णय मी भांडून करून घेतला. घरातली गळती घरमालकाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावी हा नियम बरोबर आहे, पण त्या नियमापायी सहा महिने पाणी वाहत राहिलं असतं.

खालच्या टाकीचा प्रश्न जास्त गंभीर होता. दोन सेंटिमीटर हा आकडा लहान वाटतो, पण मुंबईत पाणी ठरावीक तासच येतं आणि बाकी वेळ नळवाहिन्या आणि टाक्या अर्ध्या रिकाम्या असतात. जिथून पाणी बाहेर जातं तिथूनच बाहेरचं आत येऊ शकतं. कप्पे एकेक करून रिकामे केले. पहिला चांगला निघाला. दुसऱ्यात पाइप भिंतीतून आत येतो तिथला जोड चिरला होता, आणि त्या भिंतीपलीकडे हातभर अंतरावर ड्रेनेजचं चेंबर होतं. जोराचा पाऊस तोंडावर होता. आम्ही ते काम एका दिवसासाठीही पुढे ढकललं नाही. तळाला साचलेला गाळ काढला, जोड भरला, आतून लेप दिला, पाणी तपासून घेतलं, मगच कप्पा वापरात आणला. सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाला मी एवढं नक्की सांगेन की पाणी वाचो न वाचो, खालची टाकी रिकामी करून आतून बघा.

तिसरी जागा पंपाची. वॉचमन पंप लावायचे आणि गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज आला की बंद करायचे. त्यात त्यांचा दोष नव्हता, वर पातळी दिसायची सोयच नव्हती. खालच्या टाकीचा बॉलकॉकही, म्हणजे टाकी भरली की येणारं पाणी बंद करणारा तरंगता गोळा, मोडला होता, त्यामुळे कपात नव्हती तेव्हा पहाटे टाकी भरली की उरलेलं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपमधून थेट गटारात जायचं. तो पाइप गटाराच्या आतच संपत होता, म्हणून कधी कोणाला दिसला नाही. तो कापून वर, अंगणात डोळ्यांसमोर पडेल असा काढला. बॉलकॉक नवा बसवला, पंपाला पातळी बघून आपोआप बंद होणारा स्विच लावला.

आमचे रात्रपाळीचे वॉचमन शहापूर तालुक्यातल्या पाड्यावरचे आहेत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी तेवढे शहरात आहेत, बाकी तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा लांबवर. सातही मिळून साठवण साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास, आणि त्यातली जवळपास निम्मी एकट्या भातसात. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. आमच्यासोबत टाकीजवळ पट्टी धरून बसलेले असताना वॉचमन म्हणाले, "धरणाचं पाणी आमच्या गावावरून दिसतं, घ्यायला मात्र मिळत नाही. बायका विहिरीच्या तळाला उतरून वाटीने हंडा भरतात." ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. माझ्या मनातून ते वाक्य अजून गेलेलं नाही. १८६० च्या विहार तलावापासून मुंबईने प्रत्येक टंचाईला एकच उत्तर शोधलं, आणखी लांबचं धरण. १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडक सागर, मग अप्पर वैतरणा, भातसा आणि गेल्या दशकात मध्य वैतरणा. ते पाणी शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून येतं, भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं, डोंगरावरच्या जलाशयात चढतं, आणि आमच्या चौथ्या मजल्यावर एका झिजलेल्या रबरामुळे रात्रभर गटारात जातं. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि तो अन्याय आमच्या हातून होत होता.

घरांतल्या वापराबद्दल थोडक्यात. नळांना जाळ्या बसवल्या, धार मऊ झाली आणि पाणी निम्म्यावर आलं. दाबाचे शॉवर काढा असं कोणालाही सांगितलं नाही, कोणी ऐकलंही नसतं. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले, ती म्हणजे आरओ, पिण्याचं पाणी शुद्ध करणारं यंत्र. माझ्या घरच्या आरओची बाहेर जाणारी नळी बादलीत सोडून मोजलं, एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जात होतं. तलावाचं पाणी मुळातच हलकं असतं, त्यात क्षार फार कमी. क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओची गरज नाही, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं आहे. आमचं त्याच्या किती तरी खाली भरलं. मी आरओ काढून साधा फिल्टर लावला आणि पाणी उकळते. बऱ्याच जणांनी आरओ ठेवला आहे, पण नळी आता लादी पुसायच्या बादलीत सोडतात.

पावसाच्या पाण्याबद्दल कमिटीत सर्वांत जास्त उत्साह होता. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पाऊसपाणी साठवण सक्तीची झाली, आमची त्याआधीची, म्हणून आमच्याकडे काहीच नव्हतं. गच्ची चारशे चौरस मीटर. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वाया जाणारं वजा करून साडेसहा-सात लाख लिटर हाती लागू शकतं, म्हणजे सोसायटीचं महिन्याभराचं पाणी. पण ते चार महिन्यांत कोसळतं आणि ठेवायला जागा नाही. पालिकेचं आणि पावसाचं पाणी वेगवेगळ्या पाइपने संडासापर्यंत नेण्याची सोय जुन्या इमारतीत नाही. म्हणून आम्ही एवढंच केलं की गच्चीचं पाणी रेती-खडीच्या गाळणीतून बंद पडलेल्या बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं. पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, कारण त्यात कबुतरांची घाण असते. पुढच्या उन्हाळ्यात बोअरला थोडं पाणी आलं, झाडांना आणि जिने धुवायला पुरतं. उपयोगाचं आहे, करावं. पण ज्यांच्या टाक्या गळतात त्यांनी आधी गळती बघावी. फलक पावसाच्या कामाचा लागतो, पाणी वॉशरमध्ये वाचतं.

२९ जुलैला कपात मागे घेतली गेली तेव्हा आमचं मोजमाप चालूच होतं. दिवाळीनंतरच्या बिलात रोजची सरासरी तेवीस हजारांच्या आत आली. लोकांची जीवनशैली फारशी बदलली नव्हती.

खरी परीक्षा एप्रिल २०२५ मध्ये झाली. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवानगीच्या नियमांवरून मुंबईतल्या खासगी टँकरवाल्यांनी १० तारखेपासून टँकर बंद ठेवले. पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली टँकर आणि विहिरी ताब्यात घ्यायचं पाऊल उचलावं लागलं, मग संप मिटला. त्या दिवसांत आजूबाजूच्या सोसायट्यांचे फोन यायचे, तुमच्याकडे कोणी टँकरवाला ओळखीचा आहे का. आमच्याकडे दोन्ही टाक्यांत पाणी होतं. त्यांतल्या दोन सोसायट्यांनी नंतर पट्टी आणि रंगाच्या पुड्या नेल्या, काका त्यांच्या गच्चीवर जाऊन बसले.

गळती परत येते, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. रबर झिजतं, बॉलकॉक अडकतो. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री पातळी घेतो. वॉचमन वही लिहितात आणि पातळी तीन तासांत तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरली की मला सकाळी फोन येतो. मावशींना कुठे पाणी वाहताना दिसलं तर त्या आता थेट मला सांगतात.

सध्या आमच्याकडे पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. सगळ्यांचं लक्ष कार्पेट एरिया आणि कॉर्पसवर, म्हणजे विकासकाकडून मिळणाऱ्या रकमेवर आहे, ते साहजिक आहे. विकासकाकडे द्यायच्या मागण्यांत मी पाण्याचं एक पान जोडलं आहे. प्रत्येक घराला स्वतंत्र मीटर, संडासासाठी वेगळी नळजोडणी, खालच्या टाकीपासून ड्रेनेज चेंबर पुरेसं लांब, ओव्हरफ्लो दिसेल असा आणि दोन्ही टाक्यांना बाहेरून पातळी दाखवणारी नळी. स्वतंत्र मीटरला विरोध होईल, हे मला माहीत आहे. विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे, आणि त्याआधी बेचाळीस घरांत जाऊन प्रत्येकाशी बोलायचं काम मी आणि काकूंनी वाटून घेतलं आहे.